कादंबरीतल्या गावाला जायचंय? आधी पेन्सिल घ्या

प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवलेला माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो मोबाईलवर हिमाचलातल्या किन्नौरचा नकाशा उघडून बसलेला असतो. सतलजच्या कडेकडेने बोट वर सरकवत रामपूर, वांगतू, पिओ असं करत तो रारंगपाशी येतो आणि समोर असेल त्याला विचारतो, “इथं खरंच जाता येतं का हो?”

जाता येतं. हा लेख त्या प्रश्नाच्या पुढचा आहे. पुस्तक वाचून पहिल्यांदाच एखाद्या ठिकाणी निघावंसं वाटलंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी.

सर्वात आधी एक गोष्ट पक्की करा. कादंबरीतलं गाव ‘बघायला’ गेलात तर बहुतेक वेळा हिरमोड होतो. गाव बदललेलं असतं, कौलांचे पत्रे आणि पत्र्यांचे स्लॅब झालेले असतात, आणि तुमच्या मनातली माणसं तिथं कधी राहिलेलीच नसतात. त्याऐवजी ज्या एका गोष्टीवाचून ती कादंबरी घडलीच नसती, ती हुडका. मी तिला कादंबरीची खुंटी म्हणतो. सगळं कथानक तिच्यावर टांगलेलं असतं. ‘रारंगढांग’मध्ये ती खुंटी म्हणजे तो सरळसोट कडा. ‘बनगरवाडी’त पाणी, म्हणजे पाण्याचं नसणं. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडी नदी. त्यांच्याच ‘गारंबीचा बापू’त पोफळीची आगरं, म्हणजे सुपारीच्या बागा. माणसं जातात, घरं पडतात, पण कडा, नदी आणि चढ सहसा जागेवर असतात. नसले तर का नाहीत, हे बघणंही प्रवासाच्या लायकीचं असतं.

पहिली पायरी: पुस्तक पुन्हा वाचा, पण गोष्टीसाठी नको

पहिल्या वाचनात आपण माणसांच्या मागे धावतो. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन करा आणि चारच गोष्टींखाली रेघ मारा: पाणी कुठून येतं, चढ-उतार कुठे आहेत, एका जागेवरून दुसरीकडे जायला किती वेळ लागतो (पायी, बैलगाडीने की होडीने), आणि कोणता महिना चालू आहे. मग पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वेडावाकडा का होईना, एक नकाशा काढा. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. देऊळ इथं, ओढा तिथं, शाळा टेकाडावर, एवढं पुरे.

‘बनगरवाडी’चंच उदाहरण घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. एक तरुण मास्तर पायी चालत धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. रेघा मारत वाचाल तर लक्षात येईल की वाडीचा सगळा दिवस मेंढरांच्या वेळापत्रकावर चालतो. शाळेत पोरं कधी येणार आणि कधी नाही, हेही त्याच्यावरच ठरतं. आणि पाऊस दगा देतो तेव्हा वाडीच उठते. आता तालमीचा भाग पुन्हा वाचा. ही वाडी ज्या माणदेशातली, तिथला आटपाडी तालुका तेव्हा औंध संस्थानात होता, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रसार करणारा माणूस. हे माहीत असलं की त्या मुलखातल्या लहानशा वाडीला तालीम बांधावीशी वाटण्यामागचं वारं कळतं. मग प्रवासात औंधचं श्री भवानी संग्रहालय आपोआप जोडलं जातं, जे एरवी सुचलंही नसतं.

दुसरी पायरी: नाव खरं आहे का ते तपासा

नवखे लोक इथंच चुकीच्या गावी पोहोचतात. कादंबरीतली गावं साधारण तीन प्रकारची.

काही जशीच्या तशी खरी. रारंग हे किन्नौर जिल्ह्यातलं खरं गाव. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं खरं गाव. पण नेटवर ‘तुंबाड’ शोधलंत तर आधी २०१८चा हिंदी चित्रपट समोर येईल. त्याच्या कथेचा श्री. ना. पेंडशांच्या खोतांशी काही संबंध नाही. तेव्हा शोधताना ‘तुंबाड, खेड तालुका’ असंच लिहा.

काही गावं बुरखा घातलेली. बनगरवाडी या नावाचं गाव शोधत बसू नका. माडगूळकरांच्या माडगुळ्याजवळची लेंगरेवाडी हे तिचं मूळ मानलं जातं.

आणि काही गावं अर्धी इथली, अर्धी लेखकाच्या डोक्यातली. गारंबी त्यातली. नकाशात ‘गारंबी’ टाकलंत तर रायगड जिल्ह्यातल्या मुरूड-जंजिऱ्याजवळचं गारंबी धरण निघतं आणि माणूस तिकडे वळतो. पेंडशांचा मुलूख त्याच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यातला आहे. त्यांचा जन्म १९१३ साली आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचा. गंमत म्हणजे दापोली तालुक्यातही हर्णैजवळ एक मुरूड आहेच, त्यामुळे घोळात भर. मुरूड म्हटलं की कुठलं मुरूड ते आधी विचारायचं, हा कोकणात फिरण्याचा पहिला नियम.

चित्रपट किंवा मालिका निघाली असेल तर चौथाच घोटाळा होतो. आर. के. नारायण यांच्या गोष्टींतलं ‘मालगुडी’ हे गाव कुठंच नाही, पण मालिकेचं चित्रीकरण झालं म्हणून लोक कर्नाटकातल्या आगुंब्याला जातात. जायला हरकत नाही, आगुंबे सुंदरच आहे. फक्त आपण पुस्तकाच्या मागे आलोय की कॅमेऱ्याच्या, एवढं स्वतःला माहीत असावं.

तिसरी पायरी: त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आणि एक जुनं गॅझेटिअर

कादंबरीच्या जोडीला त्याच मुलखावरचं लेखकाचं दुसरं पुस्तक वाचा. ‘बनगरवाडी’ला ‘माणदेशी माणसं’, पेंडशांच्या कादंबऱ्यांना त्यांचं आत्मकथन ‘लेखक आणि माणूस’. पेंडशांची नोकरी मुंबईत, बेस्टमध्ये. म्हणजे हे गाव शहरात बसून, आठवणीतून लिहिलेलं आहे. आठवणीतला डोंगर खऱ्यापेक्षा थोडा उंचच असतो, हे लक्षात ठेवून निघालात तर तिथं पोहोचल्यावर तक्रार राहणार नाही.

दुसरी शिफारस कंटाळवाणी वाटेल, पण ऐका. ब्रिटिशांनी काढलेली जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची बारीकसारीक माहिती देणारे सरकारी ग्रंथ, आता नेटवर फुकट वाचता येतात. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा. खाडीतून काय माल जायचा, गलबतं कुठवर यायची, खोतांचे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांचे, हक्क काय होते, हे त्यात सापडतं. ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड वाचून झाल्यावर ही दहा-बारा पानं म्हणजे काहीच नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने, हेही डोक्यात असू द्या. एखाद्या पडक्या चौसोपी वाड्यासमोर उभं राहिल्यावर त्याची गरज लागते.

चौथी पायरी: महिना निवडा

आधी सुट्टी कधी मिळते ते बघतात आणि मग ठिकाण ठरवतात. या प्रवासात उलट करावं लागतं.

सुपारी बघायची तर थंडीत कोकणात जा. तेव्हा अंगणात सुपारी वाळत घातलेली असते. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायचा असेल तर जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. पण जगबुडीचा धाक बघायचा असेल तर पावसाळाच हवा. नदी दुथडी भरून वाहते तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावरच्या पुलावरून खाली बघा. अर्थात रस्ता चालू असेल तर.

किन्नौरला मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबरात सफरचंदं उतरवायची लगबग असते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. ऑगस्ट २०२१मध्ये किन्नौरला जाणाऱ्या महामार्गावरच निगुलसरीला दरड कोसळून प्रवाशांनी भरलेली बस गाडली गेली होती. कादंबरीत वाचताना दरड थरारक वाटते. खिडकीच्या काचेतून तशी वाटत नाही.

पाचवी पायरी: पहिला प्रवास जवळचा करा

उत्साहाच्या भरात लोक थेट हिमालयाची तिकिटं काढतात. माझं म्हणणं, पहिला सराव घराजवळ करा. मुंबई-पुण्याच्या वाचकाला दापोली-खेड हा पट्टा त्यासाठी उत्तम. दोन रात्रींत आटोपतो आणि एकाच लेखकाच्या दोन मोठ्या कादंबऱ्यांच्या दोन वेगळ्या खुंट्या तिथं आहेत.

कोकण रेल्वेने खेडला उतरा आणि तिथून एसटीने दापोली. मुक्काम दापोलीत किंवा हर्णै-मुरूड-आंजर्ले भागात घरगुती ठिकाणी करा. जेवणाची आगाऊ सूचना द्या, कारण आयत्या वेळी गेलात तर उकडीचे मोदक सोडा, साधं पिठलंही मिळेल याची खात्री नाही.

पहिला दिवस आसूदसाठी राखून ठेवा. १९८० साली आलेल्या ‘गारंबीचा बापू’ चित्रपटाचं चित्रीकरण या परिसरात झालं, त्यामुळे बरेच जण आसूदलाच गारंबी समजतात. ते बाजूला ठेवलं तरी आसूद कादंबरीसाठी बघायलाच हवं, कारण पोफळीचं आगर म्हणजे काय हे इथं पावलांना कळतं. दापोली-हर्णै रस्त्यावरून दाबकेवाडीत उतरलं की वाट दोन्ही बाजूंच्या आगरांतून जाते. भर दुपारीही उजेड गाळून आल्यासारखा येतो. पायाखाली दगडी पाखाडी, बाजूला पाटाचं झुळझुळतं पाणी. ओढ्यावरचा पूल ओलांडला की केशवराजाचा चढ लागतो. चढ छातीवर येतो. पायऱ्या अर्ध्या चढून झाल्यावर प्रत्येक जण कशाच्या तरी निमित्ताने थांबतो, कोणी फोटोच्या, कोणी चपलेच्या पट्ट्याच्या. वर देवळात डोंगरातून आणलेलं पाणी गोमुखातून पडत असतं. ते प्या, बसा आणि मग खाली बघा. नारळाच्या झावळ्या वरच्या थरात, पोफळी त्यांच्या खाली, आणि घरांची कौलं कुठंतरी तळाशी. इतक्या दाट, दमट, एकमेकांच्या अंगणात डोकावणाऱ्या गावात कोणाचं काय चाललंय हे लपणार कसं? बापू आणि राधेच्या मागे अख्खं गाव हात धुऊन का लागतं, ते इथं बसल्यावर जास्त पटतं.

उतरताना पोफळींची उंची बघा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातल्या बागा झोपवल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं एका दुपारीत गेली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाताला यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे ताडमाड उंच दिसतात त्या वादळातून वाचलेल्या आणि ठेंगण्या आहेत त्या बहुतेक नंतरच्या, असा मोघम हिशोब मांडता येतो. सुपारीच्या जोरावर गावाला नमवणारा बापू आणि वादळाने नमवलेली सुपारी, हे दोन्ही एकाच आगरात उभं राहून बघता येतं. नशीब असेल तर सुपारी पाडणारा दिसेल. एका पोफळीच्या शेंड्यावर चढून तो झाड हलवतो, झोका घेतो आणि खाली न उतरता शेजारची पोफळ पकडतो. बघताना आपल्याच तळहाताला घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. तिथून धोपाव्याला जाणारी फेरीबोट पकडा. गाड्या चढतात तशी माणसंही चढतात, तिकीट किरकोळ. बोटीच्या कडेला उभं राहून समुद्राकडे पाठ करा. समोर आत जाणारी वाशिष्ठीची खाडी आहे आणि जगबुडीचं पाणी तिलाच येऊन मिळतं. तुंबाडपर्यंतची वाट एके काळी अशी पाण्यावरून होती. आपण आज महामार्गावरून खेडला येतो, म्हणजे गावाच्या परसदाराने आत शिरतो. खोतांच्या काळी दर्शनी दार खाडीकडे होतं. हे नकाशावर कळत नाही, बोटीवर एका मिनिटात कळतं. तुंबाडला जायचं तर मग खेडहून रिक्षा ठरवा, नदीकाठी जा, आणि गावात वाडा शोधत हिंडू नका. का ते पुढच्या एका पायरीत सांगतो.

सहावी पायरी: मग लांबचा पल्ला

माणदेश आणि किन्नौर. दोन्ही ठिकाणी कादंबरीतली खुंटी आज काय झाली, हाच खरा मजकूर आहे.

माणदेशाला पुण्याहून फलटण, दहिवडी, म्हसवड, दिघंची असं करत आटपाडीला जाता येतं. मुक्काम आटपाडीत, साध्या लॉजवर. ‘बनगरवाडी’ डोक्यात ठेवून निघालेल्या माणसाची वाटेत पंचाईत होते. त्याला उजाड माळ हवा असतो आणि समोर डाळिंबाच्या बागा येतात. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचं पाणी या दुष्काळी तालुक्यात आणलं. काही वाचकांना याची हळहळ वाटते. मला हे ऐकून रागच येतो. आपल्या डोळ्यांना पुस्तकातला दुष्काळ बघायचाय म्हणून तिथल्या लोकांनी तहानलेलं राहायचं की काय? उलट हे बघा की पाणी आलं तिथं काय झालं आणि त्याच तालुक्यात पाटाच्या पलीकडच्या अंगाला काय आहे. तिथं मेंढरं आहेत, काटेरी बाभळी आहेत, धूळ आहे. कादंबरी अजून शिल्लक आहे, फक्त पाटाच्या एका बाजूला. माडगुळ्यात ‘बामणाचा पत्रा’ जरूर बघा. शेतातली ही पत्र्याची साधी जागा, जिथं ग. दि. माडगूळकर लिहायला बसत. धाकट्या भावाच्या कादंबरीसाठी आलेल्या माणसाने थोरल्याच्या पत्र्याखाली पाच मिनिटं बसून जावं, एवढं तर होतं.

आता किन्नौर. चंदीगड किंवा शिमल्याहून रारंग एका दिवसात करायचा विचारही करू नका. पहिला मुक्काम शिमला, नारकंडा किंवा रामपूर, दुसरा रेकाँग पिओ किंवा वरचं कल्पा. कल्पा साधारण २,९०० मीटरवर आहे, तिथं दोन रात्री काढा म्हणजे अंगाला हवेची सवय होते आणि समोर किन्नर कैलास दिसत राहतो. हिमाचल परिवहनच्या बस पिओपर्यंत आणि पुढेही जातात. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल आणि रोकड पिओतच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. भारतीय नागरिकाला या रस्त्यासाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना पिओच्या पुढे संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी यातून सुटका नाही. अमेरिकेतून आलेल्या मावसभावाला सोबत नेणार असाल तर त्याला हे घरूनच सांगा.

जायच्या आधी थोडी पार्श्वभूमी. सीमा सडक संघटना ७ मे १९६०ला सुरू झाली आणि किन्नौर जिल्हा त्याच महिन्याच्या १ तारखेला. तिबेटातल्या घडामोडींनंतर सीमेपर्यंत रस्ता पोहोचवायची निकड एकदम वाढली होती. प्रभाकर पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनमध्ये होते, सीमेवरचे रस्ते त्यांनी कामाच्या निमित्ताने पाहिले होते आणि त्यातून १९८१ची ही कादंबरी आली. विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण इंजिनिअर, वरिष्ठांची परवानगी नसताना बांधलेली भिंत आणि मग कोर्टमार्शल. म्हणजे इथं बघायचं काय? कडा तर बघायचाच, पण त्याहून जास्त भिंती बघायच्या.

बहुतेक सहलींच्या गाड्या रारंगच्या पाटीशी थांबतात, फोटो होतात आणि गाडी नाकोकडे सुटते. तुम्ही पिओपासूनच रस्त्याच्या खालच्या अंगाकडे डोळे लावून बसा. रस्ता खालून पेलणारी दगडी भिंत कुठं आहे, कुठं तारेच्या जाळीत दगड भरून काम भागवलंय, भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, वरून सुटणारे दगड अडवायला डोंगराच्या बाजूला काय केलंय. तासाभरात तुमची नजर तयार होते. मग जिथं खाली भिंत नाही आणि चाकापासून हातभर अंतरावर दरी आहे, असा तुकडा येतो. गाडीत आपोआप शांतता पसरते. एका भिंतीसाठी माणूस नोकरी आणि कोर्टमार्शल दोन्हीची पर्वा का सोडतो, हा प्रश्न तिथं कोणाला पडत नाही.

दोन सूचना. कड्याखाली गाडी अजिबात थांबवू नका. वळणाच्या अलीकडे रुंद जागा बघून थांबा आणि लांबूनच बघा. आणि निघा सकाळी लवकर, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि वरून दगड सुटतात. रस्त्यावर काम करणारे मजूर दिसतील, त्यातले बरेच झारखंड-नेपाळकडचे असतात. न विचारता त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका. ‘रारंगढांग’ वाचून आलेल्याला हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये.

सातवी पायरी: गावात बोलायचं कसं

तुंबाडमध्ये वाडा शोधू नका म्हटलं ते यासाठी. कादंबरीत खोतांच्या घरातली भांडणं, लफडी, खून असं सगळं आहे. गावात खऱ्या खोतांची खरी घरं आहेत. दारात उभं राहून “त्या अमक्याचं घर हेच का?” असं विचारणं म्हणजे कोणाच्या तरी आजोबांवर आळ घेणं. लेंगरेवाडीतही तेच. पात्रांची चौकशी करूच नका. पाण्याची करा, वाटेची करा, पिकाची करा. त्यावर कोणीही मोकळं बोलतं.

सुरुवात देवळापासून, शाळेपासून किंवा एसटीच्या थांब्यावरच्या चहावाल्यापासून करावी. माणदेशात बहुधा तुम्हाला तोंड उघडावंच लागत नाही. पारावर बसलेले म्हातारबाबाच हाक मारतात.

“पावनं, कुठलं म्हनायचं?”

“पुण्याचं, बाबा.”

“कुनाकडं आलायसा?”

इथं नवख्याची गाडी अडते, कारण तो कोणाकडेच आलेला नसतो. खरं तेच सांगा. “कोणाकडं नाही. माडगूळकरांचं पुस्तक वाचलं, म्हटलं तुमचा मुलूख बघावा.” मग एक तर ते हसतील, नाहीतर “मंग बसा की, च्या घ्या” म्हणतील. चहा नाकारू नका. नंतर हळूच विचारा, “बाबा, पूर्वी पाणी कुठनं आणायचे?” या एका प्रश्नावर तासभर निघतो, आणि त्या तासात कादंबरीत नसलेल्या चार गोष्टी कळतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. वहीत लिहिलेलं सहसा कोणाला खटकत नाही.

कोकणातला माणूस आधी तुम्हाला जोखतो. “काय, रिसॉर्ट बघताय?” असा तिरकस प्रश्न आला तर बिचकू नका. ती ओळख करून घ्यायची पद्धत आहे. आगरात शिरण्याआधी मात्र घरात हाक द्या, “काकू, जरा आतून जाऊ का?” म्हणून. आगर म्हणजे त्यांचं घरच.

आठवी पायरी: पुस्तक कधी उघडायचं

पोहोचल्या पोहोचल्या नको. आधी अर्धा दिवस नुसतं हिंडा. मग खुंटीच्या जवळ, केशवराजाच्या पायरीवर किंवा दाभोळच्या धक्क्यावर, आधीच खूण करून ठेवलेली दोन-तीन पानं वाचा. सोबत कोणी असेल तर मोठ्याने वाचा. जास्त वाचू नका. शेजारच्याला पुस्तकात रस नसेल तर त्याला भजी खायला पाठवा, उगीच ओढून ताणून बसवू नका. कुटुंबासोबतच्या निम्म्या सहली याच कारणाने बिघडतात.

घरी काढलेला नकाशा इथं दुरुस्त करा. बहुतेकांचा एकच गोंधळ निघतो: अंतरं कमी धरलेली असतात. कादंबरीत माणूस एका वाक्यात टेकडी उतरून ओढ्यावर जातो. प्रत्यक्षात तेवढ्यात आपलं पाणी संपतं.

परत आल्यावर

त्याच आठवड्यात कादंबरी तिसऱ्यांदा चाळा आणि दुरुस्त केलेला नकाशा पुस्तकातच चिकटवून ठेवा. फोटो टाकायचे असतील तर लोकांच्या घरांचे नेमके पत्ते टाकू नका. गावाचं नाव पुरतं.

आणि ज्यांनी चहा पाजला त्यांना काही पाठवावंसं वाटलं तर गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला पुस्तक पाठवा. पण आधी फोन करून विचारा. ज्या गावावर कादंबरी झाली तिथं येणारा प्रत्येक वाचक तीच कादंबरी भेट देतो, आणि गुरुजींच्या कपाटात तिच्या पाच प्रती आधीच पडून असतात. त्यांना कदाचित पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं हवी असतील, नाहीतर एखादा चांगला शब्दकोश.